तिसरीतली ठिपकी

विशेषणांच्या धड्याचा मजकूर मी कधीच लिहून दिला होता. अडलं होतं चित्रांपाशी. विशेषणांचे सहा प्रकार, प्रत्येकाला एक चित्र, आणि प्रत्येक चित्रात ठिपकी हवी. छपाईला जायच्या कागदांवर मजकुराच्या शेजारी सहा रिकाम्या चौकटी होत्या आणि त्यांच्याकडे बघून बाई रोज चष्मा पुसायच्या.

बाई म्हणजे आमच्या मालकीण आणि संपादक. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मग निवृत्त झाल्यावर छापखान्याच्या माडीवर दोन खोल्या घेऊन मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं काढायला लागल्या. गेल्याच्या गेल्या वर्षी पहिलीचं काढलं, गेल्या वर्षी दुसरीचं, यंदा तिसरीचं. व्याकरण त्या घरातल्या गोष्टीसारखं सांगायच्या. नाम उघडंवाघडं आलं तर त्याला कपडे घालायचे, ते विशेषणाचं काम. कसं आहे, किती आहे, मोजून किती, हे की ते, कोणतं, कुणाचं. सगळे प्रकार त्यात आले. मी कॉलेजात यावर पानंच्या पानं लिहिली होती, पण इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या पुस्तकांची दुसरी खासियत ठिपकी. ठिपक्यांच्या फ्रॉकातली, कुरळ्या केसांची मुलगी. बाकीच्या पुस्तकांतली मुलं पहिलीपासून शेवटपर्यंत तेवढीच राहतात. बाईंना ते पटत नसे. वाचणारी मुलं मोठी होतात, मग पुस्तकातल्या मुलीनं काय घोडं मारलंय, असं त्या म्हणायच्या. म्हणून ठिपकी दर इयत्तेत वाढायची. विशेषणांच्या धड्यातलं पहिलं चित्र तर मुद्दाम तेच ठेवलेलं: ठिपकी वर्गाच्या दाराशी उभी, खाली 'टॉल गर्ल'. पहिलीच्या पुस्तकात तिचं डोकं दाराच्या कडीच्या बरंच खाली होतं, दुसरीत कडीला टेकायला आलं होतं. मुलं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघतात आणि मग भिंतीशी जाऊन स्वतःला मापतात, असं कितीतरी शिक्षिकांनी कळवलं होतं.

वाढ इतकी खरी दिसायची, कारण ती खरीच होती. ठिपकी ही आमच्या चित्रकाराची मुलगी. त्याला सगळे रंगोबा म्हणत. मुलीला घरी दाराशी उभं करून तो पेन्सिलनं मापं घ्यायचा. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं आणि वर्षागणिक अंग त्याला मागे टाकतं. हे हिशेब अंदाजानं केले की पुस्तकातली मुलं बुटक्या माणसांसारखी दिसतात, असं त्याचं म्हणणं. तो अंदाजानं काढायचाच नाही.

दुसरीचं पुस्तक छापून आलं आणि तिसरीत जायच्या आत मुलगी गेली. साधा वाटलेला ताप होता.

हे मला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, मी कामावर नवी होते आणि भलतंच काही बोलून बसू नये म्हणून. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आधी भिंगरीच्या कपाळाला हात लावला. भिंगरी माझी मुलगी. घरभर गरगरत असते म्हणून भिंगरी. तिनं माझा हात झटकला आणि म्हणाली, "आई, मी गार आहे." नवरा हसला. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात, तू तर दूध न पिताच फुंकत बसतेस, असं तो नेहमी म्हणतो. खरंच आहे ते. पोरगी शिंकली तरी मी खिडकी लावते.

रंगोबा कामावर येत होता. झाडं, भांडी, कुत्री, छत्र्या, सगळं वेळेवर देत होता. ठिपकी मात्र आधीच्या धड्यांत कुठे पाठमोरी दिसे, कुठे उघड्या छत्रीमागे, कुठे नुसतेच तिचे बूट दाराबाहेर. बाईंनी ते सगळं मुकाट्यानं घेतलं. नामाच्या धड्यात बूट चालतात. पण 'टॉल गर्ल' छत्रीमागे कशी लपवणार?

शेवटी एका दुपारी त्यानं दाराचं चित्र दिलं. ठिपकी समोर तोंड करून उभी, हसरी, पुढचे दोन दात पडलेले. इतकी गोड की मी नुसती बघत राहिले. मग माझी नजर कडीवर गेली. डोकं कडीला टेकायला आलेलं होतं. मी गुपचूप दुसरीचं पुस्तक काढून शेजारी ठेवलं. केसाइतकाही फरक नव्हता. तेच माप, तेच दात. मी पुस्तक मिटलं आणि कुणाला काही बोलले नाही. पण बाईंच्या डोळ्यांतून काही सुटतं थोडंच? संध्याकाळी त्या स्वतःच त्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"रंगोबा, ही दुसरीतली आहे."

तो ब्रश धूत होता. धूतच राहिला.

"मला तिसरीतली माहीत नाही, बाई."

बाईंनी चित्र हळूच उलटं ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या.

बाई दुष्ट नव्हत्या, पण शाळा सुरू व्हायला आल्या होत्या आणि खाली छापखानेवाला रोज निरोप धाडत होता. सोमवारपर्यंत सहा चित्रं झाली नाहीत, तर ठिपकी दुसऱ्या एका चित्रकाराकडे द्यायची, रंगोबानं झाडं-भांडी करावीत, असं त्यांनी ठरवलं. त्याला ते सांगताना आवाज इतका मऊ केला की मलाच रडू फुटेल असं वाटलं. तो फक्त मान हलवून बरं म्हणाला.

चहाच्या वेळी माझ्याशी बोलला. मी ताई लागत नाही त्याची, दहा-बारा वर्षांनी लहानच असेन, पण तो मला ताई म्हणतो. त्याची बायको घरी शिवणकाम करते. ठिपक्यांचा तो फ्रॉकही तिनंच शिवलेला. दर वर्षी पुस्तकाची पहिली प्रत तो घरी न्यायचा, आणि बायको मुलीला मांडीवर घेऊन पानं उलटायची. यंदा ती अधूनमधून विचारते, तिसरीतली झाली का. मुलगी गेल्यापासून तिनं त्याच्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

"तिला वाटतं, मी काढली की दिसेल," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात गेली तर संपलंच ना, ताई."

मी त्या रात्री धडा नव्यानं लिहायला घेतला, मुलगीच काढून टाकून. 'टॉल ट्री', 'सम वॉटर', 'थ्री कप्स', 'दॅट क्लाउड', 'विच रोड', आणि कुणाचं ते दाखवायला एक कुत्रा आणि त्याची शेपटी. सहाही प्रकार बसले. सकाळी बाईंनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या की भांड्यांचं दुकान छान मांडलंस, पण यात मूल कुठाय? मग बसल्या, मलाही बसवलं.

"तुझी यंदा तिसरीतच ना गं?"

मला पुढचं कळलं. भिंगरीला शनिवारी घेऊन यायचं, तिला दाराशी उभं करायचं, रंगोबानं तिची मापं घ्यायची. चेहरा ठिपकीचाच, केस तिचेच. फक्त उंची, हातापायांची लांबी, एवढंच उसनं. मी घरी विचारते म्हणाले. खरं तर घरी विचारण्यासारखं काही नव्हतं. नको म्हणायला मला एक दिवस हवा होता.

नवऱ्याला सांगताना मी शहाण्यासारखं बोलत होते. शनिवारी तिची पोहण्याची वेळ असते, उन्हाची दगदग होते, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुला नक्की कशाची भीती वाटते? तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की गेलेल्या मुलीच्या जागी आपली मुलगी उभी करायची नाही मला. म्हटल्यावर लाज वाटली. एवढी शिकलीस कशाला, असं तो म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणालाही, पण मग हळूच म्हणाला, मला पण वाटतेय थोडी. भिंगरीलाच विचार.

भिंगरीला मी खरं ते सांगितलं. ठिपकी खरी मुलगी होती, आजारी पडली, गेली. आता तिचे बाबा तिला पुस्तकात काढतात. तिनं सगळं नीट ऐकलं.

"आठवून काढतात?"

"हो, आठवून."

"मग मला कशाला उभं करतायत?"

मी म्हटलं, कारण त्यांना आठवण दुसरीपर्यंतचीच आहे. ती चप्पल घालायला निघालीच, जणू शनिवार आत्ताच होता.

शनिवारी खालचा छापखाना बंद असतो. यंत्रांचा आवाज नसला की त्या खोल्या परक्या घरासारख्या वाटतात. रंगोबा आमच्या आधी आलेला, दाढी केलेली, टेबल पुसलेलं. भिंगरीनं शाळेचा साधा फ्रॉक घातला होता. त्यानं तिला दाराशी उभं केलं, हात लांब करून पेन्सिल डोळ्यासमोर धरली, आणि मला वाटलं आता हा मोडणार. पण तो मोडला नाही. डोकं अंगात किती वेळा मावतं ते मोजलं, कोपर कुठे येतं, गुडघा कुठे येतो, आणि रेघा मारायला लागला.

भिंगरीच्या जिभेला हाड नाही. काका, तुम्ही कुत्र्याला उभं कसं ठेवता? काका, नाक आधी काढतात की शेवटी? नाक शेवटी, तो म्हणाला, नाहीतर ते सगळ्या चित्रात खुपसलं जातं, तुझ्यासारखं. ती खदखदून हसली आणि हलली म्हणून त्यानं तिला दटावलं. दटावताना त्याचा आवाज एका बापाचा होता. मी खिडकीशी बसून दोघांकडे पाळीपाळीनं बघत होते. तिच्या पायाखाली वायर तर नाही ना, ती पाणी प्यायली का, त्यानं सकाळपासून काही खाल्लं का.

चेहऱ्यापाशी तो थांबला. दुसरीच्या पुस्तकात ठिपकीच्या तोंडात पुढे फट होती. भिंगरीनं वाकून कागद बघितला आणि म्हणाली, तिसरीत कुणाला फट नसते, हे बघा. तिनं आ केला. तिचे पुढचे दोन दात नवे आलेले, बाकीच्यांपेक्षा मोठे, कडा करवतीसारख्या. रंगोबा त्या तोंडात वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. मग पेन्सिलीला टोक करायला गेला, ती टोकदारच होती. आला आणि दात काढले.

त्यानंतर हात असा सुटला की बघत राहावं. दुधाचा पेला धरलेली ठिपकी, बूट घालणारी ठिपकी, लांबच्या पतंगाकडे बोट दाखवणारी. दोन पिशव्यांपैकी कोणती घेऊ अशी विचारात पडलेली. स्वतःची छत्री मिटताना ओठ चावणारी. कुरळे केस, हनुवटी, डोळे सगळे तिचेच, आणि खाली ती लांब झालेली, गुडघे जरा हाडकुळे, जशा त्या वयाच्या मुली होतात तशी. दाराच्या चित्रात डोकं कडीच्या चांगलं वर गेलं होतं. मी येताना काय भीती घेऊन आले होते ते मला आठवेना. मला फक्त ती सगळी चित्रं पूर्ण व्हायला हवी होती.

दुपारी बाईंनी सहाही कागद टेबलावर मांडले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "आली हो," त्या म्हणाल्या. "तिसरीत आली."

रंगोबानं घरी फोन लावला आणि एवढंच बोलला, ये, झाली. त्याचा असा आवाज मी त्या कचेरीत कधी ऐकला नव्हता.

त्याची बायको अर्ध्या तासात आली. मी तिला वहिनी म्हटलं, तिनं मान हलवली. मशीनवरून तशीच उठून आली असावी, खांद्याला दोरे चिकटलेले. ती थेट टेबलाशी गेली. पहिला कागद उचलला आणि दोन्ही हातांत धरला. रंगोबा भिंतीला पाठ लावून उभा होता, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा असल्यासारखा. तिनं एकेक कागद असाच उचलून बघितला, घाई केली नाही, आणि मग दाराचं चित्र पुन्हा हातात घेतलं.

"तीच आहे दिसायला," ती म्हणाली.

रंगोबानं श्वास सोडला.

"पण ती अशी उभी नाही राहायची. एका पायावर दुसरा पाय, पोट पुढे. किती ओरडायचे मी, सरळ उभी राहा म्हणून." तिनं वळून भिंगरीकडे बघितलं. भिंगरी दाराशी होती, दोन्ही पाय जुळवून, हात मागे बांधून, जशी ती नेहमी उभी राहते. "हे उभं राहणं हिचं आहे."

मी चित्रं पुन्हा बघितली. पेला धरण्याची तऱ्हा, बोट दाखवताना मान तिरकी करणं, ओठ चावणं. चेहऱ्याआडून सगळीकडे भिंगरी होती. मी तिची आई, सकाळपासून डोळ्यांत तेल घालून बसलेली, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"पाय बदलतो की," रंगोबा पुढे आला. "लगेच बदलतो. पायावर पाय."

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "तिसरीत ती कशी उभी राहिली असती, तुम्हाला ठाऊक आहे का?"

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"मलाही नाही. कदाचित ऐकलं असतं माझं. सरळ राहायला लागली असती."

बाई खुर्चीत बसून होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वहिनींनी कागद आपल्या जागी ठेवला, बाकीच्या पाचांच्या रांगेत नीट बसवला.

"छान काढलंय. खरंच छान काढलंय. छापा तुम्ही, बाई. पोरांना आवडेल." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "फक्त आपल्या घरी आणू नका हे पुस्तक."

रंगोबा खाली बसला. रडला नाही. रडला असता तर आम्हाला काहीतरी करता आलं असतं, पाणी द्यायचं, पाठीवर हात ठेवायचा. तो टेबलाच्या कडेवरची सुकलेली शाई नखानं खरवडत राहिला. बायको त्याच्या शेजारी उभी राहिली. तिनं आपल्या खांद्यावरचे दोरे एकेक करून काढले, मग त्याच्या बाहीवर पडलेली पेन्सिलीची पूड झटकली. थोड्या वेळानं त्यानं शाईची बाटली उघडली. सोमवारी चित्रं द्यायची होती आणि पेन्सिलीच्या रेघा छापता येत नाहीत.

मी भिंगरीला निघ म्हणाले. वहिनींची नजर तिच्या फ्रॉकाच्या खालच्या कडेवर गेली. त्या वाकल्या, कड बोटांत धरून उलटी करून बघितली, जशी शिवणाऱ्या बायका कुणाचीही बघतात.

"दुमड ठेवलीय आत," मला म्हणाल्या. "सोडा ती. आखूड झालाय फ्रॉक. वाढलीय पोर."

मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार? माझ्या मुलीची उंची मला त्या क्षणी कुठेतरी लपवून ठेवावीशी वाटली, उपाशी पोरासमोर खाऊ लपवावा तशी.

बाई आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. सवयीनं भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, आता पुढच्या वर्षी चौथीचं पुस्तक, आणि तिथेच अडखळल्या. पण भिंगरीनं ऐकलं होतं.

"मी पुढच्या वर्षी चौथीत जाणार," ती मागे वळून आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. रोज कुणाला ना कुणाला सांगते तसं. उद्या रविवार आहे म्हणावं इतक्या खात्रीनं.

आत रंगोबा कागदावर वाकलेला होता. बोरू शाईत बुडवलेला, रेघ अर्धी. वहिनी वाऱ्यानं उडू नये म्हणून कागदाचं टोक दाबून बसल्या होत्या. दोघांनीही वर बघितलं नाही आणि मला वाटलं, आता कुणी उत्तर देणार नाही, हिला घेऊन पटकन उतरावं.

"जा हो, बाळा," रंगोबा म्हणाला. "नक्की जा."

आणि त्यानं रेघ पुरी केली.